पाच घरचं दुपटं

माझ्या आजीला अख्खी इमारत ‘आमची आजी’ म्हणायची. ते मला तेव्हाही खुपायचं आणि आता चाळिशीकडे झुकले तरी खुपतं. आमची म्हणे! अरे, कुणाची आमची? माझ्या वडिलांची आई ती, म्हणजे हिशेबानं माझी. पण हा हिशेब वारज्याच्या त्या तीन मजली इमारतीत कुणालाच मान्य नव्हता, आणि सगळ्यात कमी खुद्द आजीला.

परवा सातव्या महिन्याचं पोट सांभाळत मी विश्रांतवाडीहून वारज्याला गेले, ती फक्त एका कापडासाठी. पुण्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. नवरा म्हणाला, मी येतो बरोबर. मी म्हटलं, नको, हे माझं माझं भांडण आहे.

आमच्यात जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं कापड घ्यायचं आणि त्याचं दुपटं शिवायचं. माझ्या बाळाला आजीच्या लुगड्याचं दुपटं हवं, हे मी दिवस राहिले तेव्हाच ठरवलं होतं. आई आजीला आत्याबाई म्हणायची. तिला फोन केला, तर ती म्हणाली, “आत्याबाईंचं लुगडं? एकही नाही गं. होती नव्हती ती सगळी दुपट्यांत गेली. हवं तर वारज्याला जाऊन बघ, कुणाकडे तरी असेल.”

कुणाकडे तरी! माझ्या आजीचं लुगडं मी लोकांच्या दारात जाऊन मागायचं. ओला टॅक्सीत बसल्या बसल्या माझा नुसता तिळपापड होत होता.

आजी वऱ्हाडातली. आजोबा गेल्यावर बाबांनी तिला पुण्याला आणलं. तेव्हा वारजे म्हणजे पुणं नव्हतंच, रिक्षावाले यायला तयार नसत. इमारतीच्या मागे मेथीचे वाफे होते, पलीकडे कॅनॉल होता, आणि दुपारी इतकं शांत असायचं की तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिटी तळमजल्यावर मोजता यायची. आजीला वाटलं असेल, आपण एका गावातून दुसऱ्या गावात आलो. तिनं आठवड्याभरात सगळी दारं पालथी घातली. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो तिथं एक खिडकी आहे. त्या खिडकीखाली पाय लांब करून ती बसायची. मांडीवर शिवण, बाजूला मशेरीची डबी. येणारा-जाणारा तिचे पाय ओलांडून जायचा, आणि ओलांडताना थांबायचा. कुणाला घशाला लेप, कुणाला सासूची तक्रार, कुणाला नुसतंच बसायला हवं असायचं. शाळेतून आले की मला माझ्याच आजीपर्यंत पोचायला रांग असायची. मी धुसफुसत उभी राहायचे, आणि ती माझ्याकडे न बघता म्हणायची, “तू त घरचीच हायेस, थांब जराशी.”

घरचीच. या एका शब्दानं माझं लहानपण खाल्लं. पंगतीत घरचे शेवटी, पुरणपोळी संपली तर घरच्यांना भात, पाहुणे आले तर घरच्यांनी खाली झोपायचं, हे सगळ्या घरांत असतं. पण आमच्याकडे रोजच पंगत होती.

दुपटी ती जिन्यातच शिवायची. कुणाकडे पाळणा हलणार अशी कुणकुण लागली की आजी पिशवी घेऊन निघायची आणि पाच घरची जुनी कापडं मागून आणायची. एका घरचं चालत नसे. “एका घरच्या दुपट्यात ऊब नसते वं,” असं तिचं म्हणणं. कुणाचं विटलेलं धोतर, कुणाच्या परकराचा घेर, कुणाचा उशीचा अभ्रा. वरून मात्र कायम तिचं लुगडं. “नवं कापड लेकराले टोचते. जुन्या कापडाले मानसाचं अंग माहीत असते.” ती थर लावायची तेव्हा मी शाळेत असायचे. परत येईपर्यंत चारही बाजूंनी टाके पडलेले असत आणि माझं काम एवढंच, की सुई ओवून द्यायची. जाड सुई सगळ्या थरांतून वर येताना एक बारीक टच असा आवाज व्हायचा. त्या आवाजावर मी जिन्यात झोपायचे. खोबरेल तेल, मशेरी आणि उन्हात तापलेलं सुती कापड, असा तिचा वास. तो वास त्या दुपट्यात मुरायचा आणि दुपट्याबरोबर दुसऱ्याच्या घरात जायचा. सुई मी ओवायची आणि मऊ मऊ पांघरायचं दुसऱ्यांनी.

माझं स्वतःचं दुपटं होतं. हिरव्या लुगड्याचं. ते मी पाच वर्षांची होईपर्यंत ओढत फिरायचे. मागच्या बाजूला एक बांधकाम चालू होतं, तिथल्या मजुरीच्या बाईला अचानक कळा आल्या, पत्र्याच्या खोलीतच बाळ झालं. आजी धावली. जाताना हाताला लागलं ते उचललं, आणि हाताला लागलं ते माझं. ते बाळ, ती बाई, ती खोली, सगळं पुढं कुठं गेलं देव जाणे. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले, कारण आजीनं ज्वारीच्या कण्या केल्या होत्या आणि वर दूध ओतून ती म्हणाली होती, “रुसणं पोटभर झालं असन त खाऊन घे.”

मग बंटी जन्मला. आमच्या समोरच्या दारातल्या सुमनकाकूंचा मुलगा. सुमनकाकू मूळच्या पेठेतल्या, बोलणं कात्रीसारखं, कुणाचं ऐकणं म्हणून माहीत नाही. पण आजीपुढं गप्प. रोज सकाळी आजी त्यांच्या मोरीत पाटावर बसायची, पाय समोर लांब करायची आणि त्या लालबुंद गोळ्याला पायांवर पालथा घालून तेल चोळायची. मग कढत पाणी, मग डाळीचं पीठ आणि साय, मग ओव्याची धुरी. पावसाळ्यात शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर त्याची लंगोटं वाळत असायची. तो वास आमच्या घरापर्यंत यायचा आणि माझं डोकं भडकायचं. न्हाऊन झाल्यावर आजी त्याला जांभळ्या चौकड्यांच्या दुपट्यात घट्ट बांधायची. ते जांभळं लुगडं माझं आवडतं होतं. तिनं ते नेसलं की मी दिवसभर पदराचं टोक धरून चालायचे. ते फाडून त्या बंटीला!

एकदा तिला मी म्हटलं, मलाही तसंच न्हाऊ घाल. ती हसली आणि पाटावर बसली. मी तिच्या पायांवर पालथी पडले. माझं डोकं एकीकडे, तंगड्या मोरीबाहेर. आजी कळवळून ओरडली, “उठ वं म्हशे! पाय मोडतीन माह्ये!” सुमनकाकू दारात उभ्या राहून डोळे पुसत हसत होत्या. मी त्यांना त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

मग मी आजारी पडायचं ठरवलं. आजीकडे जाण्याचा तो राजमार्ग होता. ज्याला ताप, त्याच्या उशाशी आजी. पण माझी प्रकृती म्हणजे बैलाची. पावसात भिजले, काही नाही. बर्फाचे गोळे खाल्ले, काही नाही. शाळेत अख्ख्या वर्गाला गोवर आला, मला साधी शिंक नाही. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून कांदा काखेत धरून पडून राहिले, अंग तापतं म्हणे. आजीनं कपाळाला हात लावला, नाकानं हुंगलं, आणि म्हणाली, “कांदा टोपलीत ठेव. भाजीत काय टाकू मंग?” जिन्यात बसून ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची, “माह्यी पोट्टी दणकट हाये. तिले काई होत नाई.” दणकट! दुसऱ्यांच्या नाती गोड, नाजूक, आणि मी दणकट.

त्या दिवसांत माझ्या कपड्यांना पाय फुटले होते. तुळशीबागेतून आणलेला एक पिवळा फ्रॉक होता, त्यावर लाल छत्र्या. तो आखूड झाला तरी मी सोडत नव्हते. एक दिवस दोरीवर वाळत होता, दुसऱ्या दिवशी नाही. मग निळा परकर गेला. मग शाळेच्या गणवेशाचा जुना पिनो-फ्रॉक. मी घर डोक्यावर घेतलं की आजी अगदी साळसूद चेहऱ्यानं म्हणायची, “उंदरानं नेला असन. पुण्याचे उंदीर लय बदमाश.” मी पलंगाखाली, फडताळामागे बिळं शोधायचे. बिळंही नाहीत, फ्रॉकही नाही. असा कसा उंदीर, जो छत्र्यांचा फ्रॉक नेतो आणि शेजारची ज्वारीची थैली सोडतो, एवढं विचारायची अक्कल मला नव्हती.

ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मला तिच्या उशाशी बसायचं होतं, पण तिथं आधीच सहा जणी बसल्या होत्या. एक रिक्षावाला, ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं, माझ्यापेक्षा मोठ्यांदा रडत होता. बंटी तर भिंतीला डोकं लावून. “आमची आजी गेली,” असं जो तो म्हणत होता, आणि मला वाटत होतं सगळ्यांना हाताला धरून बाहेर काढावं, दार लावावं आणि एकदाचं तिच्या शेजारी आडवं व्हावं. माझी रांग शेवटपर्यंत आली नाही. दोरीवर तिचं एक लुगडं वाळत होतं. ते तरी घ्यावं म्हणून तेराव्यानंतर गेले, तर आईनं ते भांडी घासणाऱ्या मावशींना देऊन टाकलं होतं. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. “आत्याबाईंनी सांगून ठेवलं होतं,” आई म्हणाली. मेल्यावरसुद्धा वाटप चालूच.

तर परवा, वारज्याला. मेथीच्या वाफ्यांवर आता दहा मजले उभे आहेत, महामार्गाची घरघर दिवसरात्र. पण आमची इमारत तशीच, रंग तेवढा नवा. आई-बाबा गावी राहायला गेल्यापासून आमच्या घरात भाडेकरू आहेत. जिना चढताना वळणावर पोचले आणि पाय आपोआप उचलला. ओलांडायला तिथं कुणी नव्हतं. खिडकीखाली कुणाची तरी सायकल होती.

मी सुमनकाकूंची बेल दोनदा वाजवली.

“एकदाच वाजवायची असते,” दार उघडत सुमनकाकू म्हणाल्या. केस पांढरे, कात्री तीच. “बहिरी नाहीये मी. ये. पोट केवढं आलंय! मुलगी असणार, तुझ्यासारखी.”

आत बंटी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. घरूनच काम. त्याची बायको पल्लवी पाणी घेऊन आली. आणि चटईवर त्यांची आठ महिन्यांची रेवा पालथी पडून स्वतःची मूठ खात होती. तिच्या खाली जांभळ्या चौकड्या होत्या.

मी पाणी प्यायलेच नाही. कशी बसले तेही आठवत नाही, त्या पोटानं जमिनीवर बसणं म्हणजे दिव्य. मी वाकून दुपट्याला नाक लावलं. पावडरचा वास आला, दुधाचा आला. आजीचा नाही. पण हाताला ते तसंच लागलं, पदराचं टोक लागायचं तसं.

“काकू, मला हे हवंय,” मी म्हटलं. प्रस्तावना वगैरे नाही.

 मग पल्लवी हळूच म्हणाली, “अहो ताई, ती याच्याशिवाय झोपतच नाही.”

“ताई, ऑनलाइन भारी मिळतात गं,” बंटी म्हणाला. “ऑरगॅनिक कॉटन, सुपर सॉफ्ट. लिंक पाठवू?”

“तू गप्प बस,” सुमनकाकू म्हणाल्या. “तुला कुणी विचारलंय?”

मी दुपट्याचं टोक धरलं. नुसतं धरलं होतं, खरंच. पण त्या पोरीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि दुसरं टोक मुठीत घेतलं. मी जरा ओढलं. तिनं जास्त ओढलं. सातव्या महिन्यातली बाई आणि आठ महिन्यांचं पोर, आमची तिथं चटईवर रस्सीखेच जुंपली आणि दोघींपैकी कुणीही सोडायला तयार नव्हती. मग टर्रकन आवाज झाला. कडेचा जुना दोरा उसवला आणि दुपट्यानं तोंड उघडलं.

आत पहिला थर पांढरा, धोतराचा. त्याखाली कसलंसं फुलाफुलांचं. आणि त्याच्याही आत, मधोमध, पिवळं. पिवळ्यावर लाल छत्री.

“हा माझा फ्रॉक आहे,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच सहा वर्षांच्या मुलीचा वाटला.

“मग? तुझाच आहे,” सुमनकाकू म्हणाल्या. “तुला माहीत नव्हतं?”

“तो उंदरानं नेला होता!”

सुमनकाकू हसल्या, पण मोरीच्या दारातल्यासारख्या नाही. खाली माझ्याजवळ येऊन बसल्या. “अगं, पाच घरची कापडं बाहेरून, आणि सगळ्यात आत घरचं. ही तिची पद्धत. माझ्या समोर लावलेत थर. मी म्हटलं, आजी, पोरगी रडतीये फ्रॉकसाठी, दुसरं काही घाला. तर म्हणाली, नाही, माह्या पोट्टीचंच पाह्यजे. ती दणकट हाये, कधी शिंकत नाई. तिचं कापड पोटाशी असलं का लेकरू जगते. बंटी सातव्या महिन्यातला, मुठीएवढा होता. डॉक्टरांनी काही खात्री दिली नव्हती. तेव्हा तर पेढा वाटायचीही भीती वाटत होती मला.”

“आणि बाकीच्यांच्या दुपट्यांत?”

“सगळ्यांच्या. तुझी किती कापडं गेली आठव ना.”

निळा परकर. पिनो. लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर. मजुरीच्या बाईचं ते बाळ तर माझ्या अख्ख्या दुपट्यात. मला रडू आलं आणि रागही आला. मला न विचारता! मी जिन्यात रांगेत उभी, आणि इकडं माझं कापड घरोघरी पाळण्यात. एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? “आजी, तुझं काय करू गं मी,” असं मी मोठ्यानं म्हणाले, आणि रेवानं दचकून दुपटं सोडलं.

“घे की काढून,” बंटी म्हणाला. लॅपटॉप त्यानं कधी बंद केला होता कोण जाणे. “फ्रॉक तुझाच आहे, ताई.”

खरं होतं. दोन टाके तोडले असते की निघाला असता. मी छत्रीवर बोट ठेवलं. ते कापड इतकं विरलं होतं की खालचा थर हाताला लागत होता. मग मी सुमनकाकूंकडे सुई मागितली.

“फाडलंयस तर शिवून द्यायलाच हवं,” त्या म्हणाल्या आणि सुईबरोबर दोराही दिला. मी ओवला. मला फक्त ओवताच येतं, टाके माझे वेडेवाकडे पडले. पण सगळ्या थरांतून सुई वर आली तेव्हा तो आवाज झाला. टच. छत्री आत गेली. माझं पोरही पोटात एकदा सणसणीत हललं.

“आता ऐक,” सुमनकाकू म्हणाल्या. “दुपटं मागत नाहीत. कापड मागतात. ऊठ.”

मला हाताला धरून त्यांनी घरोघरी फिरवलं. तळमजल्यावर जागेचे मूळ मालक राहतात, वारज्यातले जुने शेतकरी. तिथले तात्या खाटेवरूनच म्हणाले, “आजीची नात हाय व्हय? आमची आजी म्हंजी देवमानूस. धोतर न्या की माझं.” दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी चादर दिली आणि आमच्या आजीनं त्यांची कावीळ कशी उतरवली ते पदर डोळ्याला लावून सांगितलं. माझं मेलं काळीज अजूनही जळलं, खोटं कशाला बोलू? आमच्या जुन्या घरात आयटीतली तीन पोरं राहतात. त्यांनी आजीला पाहिलेलंही नाही, तरी त्यातल्या एकानं कंपनीचा धुवून धुवून विरलेला टी-शर्ट काढून दिला. “काकू, यापेक्षा सॉफ्ट आमच्याकडे काहीच नाहीये.” हा एकटाच ‘आमची आजी’ म्हणाला नाही, त्यामुळे मला फार आवडला.

पाच घरं पुरी करून परत आल्यावर मी आईला फोन लावला. म्हटलं, वरून घालायला तुझी साडी हवी.

“माझी?” आई म्हणाली. “माझी कशाला गं?”

“माझ्या बाळाची आजी तू आहेस ना.”

तिनं कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “ती निळी चालेल का? नेसून नेसून मऊ झालीये. थोडा पदर विरलाय.” मला एकदम वाटलं, एवढी वर्षं हीसुद्धा त्या रांगेत कुठंतरी मागं उभी असेल.

राहिलं आतलं. घरचं, मधलं. माझ्या घरात अजून पोर नाही, तर दणकट पोराचं कापड आणू कुठून? मी तसं म्हटलं, तर सुमनकाकूंनी कपाटातून रेवाचं एक झबलं काढलं. केशरी, त्यावर हत्ती. “हे घाल. आखूड झालंय, पण सोडत नाही. आठ महिन्यांत एकदा शिंकली नाहीये.”

“पण काकू, घरचं लागतं ना मध्ये? ही घरची कुठं?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तुझ्या फ्रॉकवर झोपते ती.”

मी झबलं पिशवीत टाकलं. रेवानं ते बघितलं, अगदी नीट बघितलं. मान वळवून वळवून ती पिशवीकडे बघत राहिली आणि मग तिनं असा भोंगा पसरला की जिन्यातून आयटीतली पोरं डोकावली. पल्लवी तिला उचलून घेऊन खिडकीशी गेली, काऊ दाखवला, चिऊ दाखवली, पण तिचा हात माझ्या पिशवीकडेच. तो आवाज माझ्या चांगला ओळखीचा होता.

दारात चपला घालताना मी बंटीला बाजूला घेतलं. म्हटलं, ही बोलायला लागली की विचारेल, माझं हत्तीचं झबलं कुठं गेलं. घर डोक्यावर घेईल. तेव्हा माझं नाव अजिबात सांगायचं नाही.

“मग काय सांगू?”

“सांग, उंदरानं नेलं.”